सर्वो ड्राइव्ह बदलताना : जुना का जळाला, हे आधी शोधा

कारखानदार बंधूंचा फोन येतो तेव्हा पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "मशीन उभी आहे, ड्राइव्ह गेला, दुसरा कुठे मिळेल?" अंबरनाथच्या मोरिवली आणि आनंदनगर एम.आय.डी.सी.तील टर्निंगचे गाळे असोत, बदलापूरच्या मानकिवलीतील लहान युनिट असो, की उल्हासनगरच्या कॅम्पातील शिलाईचा कारखाना असो, सर्वो मोटर आता सगळीकडे पोचली आहे. मशीन एक दिवस उभी राहिली तर ऑपरेटरचा रोज, गाळ्याचे भाडे आणि पार्टीला दिलेली तारीख अशी तिन्ही ओझी मालकाच्या अंगावर येतात. त्या घाईत माणूस बाजारातून ड्राइव्ह आणतो, जुन्याच्या जागी बसवतो आणि स्विच टाकतो. पुष्कळदा नवा ड्राइव्हही एका क्षणात जळतो.

दोन भावांच्या भागीदारीतील एका सी.एन.सी. लेथवर मी हा प्रकार स्वतः पाहिला आहे. झेड ॲक्सिसचा ड्राइव्ह गेला म्हणून त्यांनी जुना माल विकणाऱ्याकडून एक ड्राइव्ह आणला. तो स्विच टाकताच गेला. "माल खराब होता" म्हणून भांडण झाले आणि दुसरा आणला. तोही गेला. मग मोटरचा कनेक्टर उघडून पाहिला, तर आत कूलंटचे पाणी साचलेले. दोष पहिल्या दिवसापासून मोटरच्या केबलमध्ये होता. दोन ड्राइव्हचे पैसे गेले, आठ दिवस मशीन उभी राहिली आणि ज्या दुकानदाराला खोटा ठरवले तो बिचारा निर्दोष निघाला.

या लेखाचे सार एवढेच आहे. ड्राइव्ह बदलणे हे पेचकसाचे काम कमी आणि तपासाचे व नोंदीचे काम जास्त आहे. ते कोणत्या क्रमाने करावे, हे आज पाहू.

सर्वो म्हणजे काय?

साधी मोटर करंट मिळाला की फिरते. आपण किती फिरलो, हे तिला ठाऊक नसते. सर्वो मोटरच्या पाठीमागे एन्कोडर बसवलेला असतो. शाफ्ट किती फिरला याची खबर तो क्षणोक्षणी ड्राइव्हला देतो. ड्राइव्ह मिळालेला हुकूम आणि आलेली खबर ताडून पाहतो आणि फरक उरला असेल तेवढाच करंट मोटरला देतो. हुकूम, हालचाल, खबर आणि दुरुस्ती असे हे चक्र आहे.

कल्पना जुनी आहे. घरावरच्या पाण्याच्या टाकीतील फ्लोट हाच धंदा करतो. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी पाण्याची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रे आपल्या 'किताबुल हियल' या ग्रंथात मांडली होती. १९५२ साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने छिद्रांच्या पट्टीवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली. आज आपल्या गाळ्यात असलेली सी.एन.सी. त्याच घराण्यातली आहे.

ड्राइव्हच्या डब्यात तीन भाग असतात. पहिला भाग ए.सी. करंटचा डी.सी. करतो. दुसरा भाग म्हणजे मोठे कॅपॅसिटर, ते हा डी.सी. साठवतात. तिसऱ्या भागात पॉवर मॉड्यूल असते आणि ते मोटरला हवा तसा तीन फेजचा करंट कापून देते. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत सुमारे ३२५ व्होल्ट डी.सी. असतो, तर ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये सुमारे ५८५. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे जिवाशी संबंध येणार आहे.

आधी निदान

अलार्म आला की रीसेट दाबण्यापूर्वी त्याचा नंबर लिहून घ्या. तो केव्हा आला, हेही लिहा : स्विच टाकताच, चालू कटमध्ये, की ॲक्सिस थांबताना? अर्धे निदान येथेच होते.

ओव्हरकरंटचा अलार्म स्विच टाकताच येत असेल तर मॉड्यूल शॉर्ट असेल, किंवा मोटर नाहीतर तिची केबल शॉर्ट असेल. ओव्हरव्होल्टेज ॲक्सिस थांबताना येत असेल तर ब्रेकिंग रेझिस्टन्स तुटला आहे का ते पाहा. थांबताना मोटर जनरेटर बनते, तिची वीज या रेझिस्टन्समध्ये जिरते. अंडरव्होल्टेज असेल तर एखादी फेज गेली आहे का, कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळाले आहेत का, ते तपासा. ओव्हरलोड आला तर आधी यांत्रिक बाजू पाहा : स्लाइडला तेल पोचते का, बॉलस्क्रूचे बेअरिंग जाम आहे का, ब्रेकच्या मोटरला २४ व्होल्ट मिळून ब्रेक सुटतो का. एन्कोडरचा अलार्म असेल तर दहा वेळा केबल, कनेक्टर किंवा बॅटरी निघते, ड्राइव्ह क्वचित.

यानंतर मोटर. पुढील प्रत्येक तपासणी मेन स्विच बंद करून, कॅपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून आणि मोटरच्या तारा ड्राइव्हपासून सोडवूनच करावी. मल्टीमीटरने यू-व्ही, व्ही-डब्ल्यू आणि डब्ल्यू-यू असे तीन ओहम मोजा. तिन्ही सारखे आले पाहिजेत. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात इन्सुलेशन पाहा. चांगली मोटर शेकडो मेगओहम दाखवते. एका मेगओहमच्या खाली आली तर ती मोटर नव्या ड्राइव्हला जोडूच नका. मेगर ड्राइव्हवर किंवा एन्कोडरच्या पिनांवर कधीही लावू नये, आतील कार्ड जागच्या जागी मरते.

हाताची एक परीक्षाही आहे. तिन्ही तारा सुट्या ठेवून आणि मोटर मशीनपासून वेगळी करून शाफ्ट फिरवा. तो सैल फिरला पाहिजे. आता तिन्ही तारा एकत्र जोडून फिरवा. शाफ्ट एकसारखा जड लागेल, कारण आत कायम चुंबक आहे. तारा सुट्या असतानाच शाफ्ट जड लागला तर वाइंडिंग आतून शॉर्ट असल्याचा किंवा बेअरिंग, ब्रेक धरल्याचा संशय घ्यावा. फिरत्या शाफ्टच्या तारांना हात लावू नका, हाताने फिरवलेली मोटरही वीज देते.

ड्राइव्हची तपासणी मीटरच्या डायोड रेंजवर होते. डी.सी.चे पी आणि एन हे टर्मिनल व यू, व्ही, डब्ल्यू यांच्यात रीडिंग घ्यावे. तिन्ही फेज सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी फेज शून्य दाखवत असेल तर मॉड्यूल शॉर्ट आहे.

रिवायंडिंग करणाऱ्या बंधूंसाठी दोन शब्द. सर्वो मोटरची पुली किंवा कपलिंग हातोड्याने ठोकू नका. एन्कोडरची चकती पुष्कळदा काचेची असते, धक्क्याने ती फुटते. एन्कोडर खोलायचाच असेल तर शाफ्ट आणि बॉडी दोन्हीवर त्याच्या जागेची खूण करा. ही जागा चुकली तर रिवायंडिंग उत्तम होऊनही मोटर झटके देईल किंवा बेफाम पळेल.

ड्राइव्ह घेताना

"एक किलोवॅटचा द्या" एवढ्यावर सर्वो ड्राइव्ह घेता येत नाही. जुन्या ड्राइव्हच्या पट्टीवरील पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवा, मोटरच्या पट्टीवरीलही उतरवा. शेवटच्या एका अक्षरात एन्कोडरचा प्रकार किंवा व्होल्टेज बदललेला असतो.

व्होल्टेजबद्दल विशेष सावध राहा. जपानी बनावटीचे पुष्कळ ड्राइव्ह २०० व्होल्टच्या वर्गातील असतात. आपल्याकडे तीन फेजचा पुरवठा ४१५ व्होल्टचा, म्हणून अशा मशीनमध्ये मध्ये ट्रान्स्फॉर्मर असतो. तो ओलांडून थेट लाइन दिली तर ड्राइव्ह वाचत नाही.

जुने मॉडेल बंद झाले असेल तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह जुन्या मोटरवर चालेलच असे धरू नका. फानुक, मित्सुबिशी, यास्कावा, सीमेन्स, डेल्टा यांची एन्कोडरशी बोलण्याची भाषा वेगवेगळी आहे. अशा वेळी मोटर आणि ड्राइव्हची जोडी एकत्र घ्यावी. जोडी घेताना फ्लँजचा आकार, शाफ्टचा व्यास, चावीचा गाळा, टॉर्क, कमाल आर.पी.एम. आणि ब्रेक हे सर्व जुन्याशी ताडून घ्यावे. कंट्रोलर जुनाच राहणार असेल तर तो कोणत्या प्रकारचा सिग्नल देतो, पल्सचा की दहा व्होल्टचा, हेही पाहावे.

जुना ड्राइव्ह घ्यायचा असेल तर तो किती दिवस कपाटात होता हे विचारा. वर्ष-दोन वर्षे बंद पडलेल्या ड्राइव्हचे कॅपॅसिटर सुस्तावतात. त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर ते फुगतात, फुटतात. ते बनवणाऱ्याने सांगितलेल्या रीतीने, व्हेरिअ‍ॅकवर थोडे थोडे चढवत जागे करावे लागतात.

काढण्यापूर्वी लिहून ठेवा

हा भाग सर्वांत कमी केला जातो आणि सर्वांत जास्त रडवतो. जुना ड्राइव्ह डिस्प्ले दाखवत असेल तोवर त्याचे सगळे पॅरामीटर उतरवून घ्या. सॉफ्टवेअर आणि केबल असेल तर फाइल काढा, नसेल तर वहीत लिहा. प्रत्येक तारेला नंबर द्या, मोबाइलवर फोटो घ्या. स्लाइड आणि बॉडी यांवर पेनने जागेची खूण करा.

अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असेल तर त्याची जागा लहानशा लिथियम बॅटरीवर टिकून असते, बहुधा ३.६ व्होल्टच्या. एन्कोडरची केबल काढली की ती आठवण पुष्कळ मॉडेलमध्ये पुसली जाते आणि होम पोझिशन पुन्हा बसवावी लागते. नुसती बॅटरी बदलायची असेल तर कंट्रोलचा करंट चालू ठेवून बदलतात, तेही मॅन्युअल वाचून.

पॅरामीटर चुकले तर काय होते, याचा हिशेब पाहा. समजा बॉलस्क्रूचा पिच १० मि.मी. आहे, मोटर थेट जोडलेली आहे आणि कंट्रोलर एका फेऱ्याला १०,००० पल्स देतो. म्हणजे एक पल्स बरोबर एक मायक्रॉन. नव्या मोटरचा एन्कोडर १७ बिटचा आहे, त्याचे एका फेऱ्यात १,३१,०७२ भाग होतात. ड्राइव्हमधील इलेक्ट्रॉनिक गिअर १,३१,०७२ भागिले १०,००० असा भरला तर मशीन पूर्वीसारखी चालेल. तो एकास एक राहिला, तर १० मि.मी.च्या हुकुमावर स्लाइड फक्त ०.७६ मि.मी. सरकेल. याउलट ड्राइव्ह २,५०० पल्सला एक फेरा घेणारा असेल, तर त्याच हुकुमावर स्लाइड ४० मि.मी. पळेल आणि टरेट सरळ चकवर आदळेल. एक आकडा चुकल्याने ड्राइव्हच्या किमतीपेक्षा मोठे नुकसान होते. टरेटपुढे हात असेल तर त्या नुकसानीला किंमतच नाही.

जीव आधी

मेन आयसोलेटर बंद करा, कुलूप लावा, चावी खिशात ठेवा आणि "काम चालू आहे" अशी पाटी टांगा. पॅनेलचा एम.सी.बी. पाडून भागत नाही. दुसरा माणूस येतो आणि "कोणी तरी पाडला" म्हणून चढवतो.

स्विच बंद केल्यावर ड्राइव्ह मेला असे समजू नका. कॅपॅसिटरमध्ये ते ३२५ किंवा ५८५ व्होल्ट अजून बसलेले असतात. ड्राइव्हवर थांबण्याची मुदत छापलेली असते, बहुधा ५ ते १५ मिनिटे. तेवढे थांबा. चार्जचा दिवा विझला तरी पी आणि एन यांच्यात मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. पेचकस लावून ठिणगी काढण्याची जुनी सवय सोडा, त्यात डोळे जातात.

उभ्या ॲक्सिसखाली लाकडी ठोकळा द्या. मोटर सोडवताच स्पिंडलचे डोके किंवा स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली येते. ब्रेकवर विसंबून त्याखाली हात घालू नये.

आपल्या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे दुरुस्तीची कामे त्याच दिवशी निघतात. जुम्म्याच्या नमाजला तासभर उरला असताना ड्राइव्ह खोलू नका. घाईत सोडलेली तार आणि अर्धा कसलेला स्क्रू नमाजनंतर आठवत नाही. एकतर सकाळी लवकर सुरुवात करून मधला टप्पा पूर्ण करावा, किंवा नमाज अदा करून निवांत काम धरावे.

बसवणी आणि वायरिंग

ड्राइव्ह उभाच बसवा. वर, खाली आणि बाजूला मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा सोडा. पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात पॅनेलच्या आत केवढी गरमी होते, हे हात घातल्यावर कळते. काही ड्राइव्ह ४० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण ताकद देतात, काही ५५ अंशांपर्यंत टिकतात, त्यापुढे आयुष्य झपाट्याने घटते. उपाय म्हणून दार उघडे टाकून समोर पंखा लावणे चूक आहे. लोखंडाची बारीक धूळ त्या वाऱ्याबरोबर कार्डावर बसते आणि शॉर्ट करते. फिल्टर लावलेला पॅनेल फॅन हाच मार्ग आहे, आणि तो फिल्टर दर आठवड्याला झाडावा. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी गाळा असेल तर वाफेने कार्डावरील तांबे काळे पडते, तेथे पॅनेलचे रबर आणि ग्लँड घट्ट हवेत.

वायरिंगचे नियम थोडे आहेत, पण एकही मोडता येत नाही. मेन लाइन चुकून यू, व्ही, डब्ल्यूवर दिली तर ड्राइव्ह त्याच क्षणी जातो. साध्या मोटरची दिशा बदलायला आपण दोन तारा उलटवतो, सर्वोमध्ये तसे केले तर मोटर अलार्म देते किंवा पळत सुटते. दिशा पॅरामीटरनेच बदला. पॉवर केबल आणि एन्कोडर केबल एकाच पट्टीत बांधू नका, शक्यतो ३० सें.मी. अंतर ठेवा. एन्कोडर केबलची जाळी मॅन्युअलप्रमाणे अर्थला लावा. अर्थ ही खरी अर्थ असावी. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडण्याचा प्रकार लहान गाळ्यांत दिसतो, तो गुन्ह्यासारखा समजावा. तारांना लग लावा, स्क्रू नीट कसा. मशीन रोज चालू-बंद करण्यासाठी मेन कॉन्टॅक्टर घडोघडी पाडू नका, प्रत्येक वेळी कॅपॅसिटर नव्याने भरतात आणि आतील चार्जिंगचा रेझिस्टन्स जळतो.

पहिला करंट

पहिल्यांदा स्विच टाकताना मोटर मशीनला जोडलेली नसावी. आधी फक्त कंट्रोलचा करंट द्या, पॅरामीटर भरा आणि वहीशी ताडून पाहा. शाफ्ट हाताने एक फेरा फिरवा. डिस्प्लेवर एका फेऱ्याचा आकडा योग्य दिशेने आला पाहिजे. मग इमर्जन्सी स्टॉप दाबून तो खरोखर तोडतो का ते पाहा. यानंतर पॉवर द्या आणि अगदी हळू जॉग करा.

एवढे ठीक झाले की बंद करून कपलिंग जोडा. पुन्हा हळू जॉग, दोन्ही लिमिट स्विच हाताने दाबून परीक्षा, मग होम, मग सॉफ्ट लिमिट. ऑटो ट्यूनिंग देताना स्लाइड मधोमध ठेवा आणि एक हात इमर्जन्सीवर ठेवा. मोटर गुंजन करू लागली तर गेन जास्त झाला आहे, कमी करा. शेवटी स्लाइडवर डायल लावा, १० मि.मी. पुढे-मागे दहा वेळा चालवा आणि काटा तेथेच परत येतो का पाहा. एक जॉब कापून मायक्रोमीटरने मोजा. तासभर चालल्यावर लोडची टक्केवारी आणि मोटरची गरमी नोंदवा. हे आकडे पुढच्या वेळी निदानाला उपयोगी पडतील.

शिलाई मशीनचा सर्वो

उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारागिरांकडे हेच तंत्र लहान रूपात आले आहे. जुनी क्लच मोटर कारखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत फिरत राहते, शिवण चालू असो वा नसो. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, म्हणून वीज वाचते, गरमी आणि आवाज कमी होतो आणि नवशिक्याला सुई हळू चालवता येते.

बदलताना चार गोष्टी पाहा. जीन्सच्या जाड शिवणीसाठी कमी वेगातही जोर देणारी मोटर घ्या, फक्त वॅटचा आकडा पाहू नका. जुन्या पुलीचा व्यास मोजा, पुली बदलली की सुईचा वेग बदलतो. हँडव्हील कोणत्या दिशेने फिरते ते आधी पाहून दिशा सेट करा, उलट फिरल्यास धागा अडकतो आणि लूपर बिघडू शकतो. कमाल वेग खालून सुरू करून कारागिराच्या हाताप्रमाणे वाढवा. सुई वर थांबवणारा सेन्सर असेल तर त्याची जागा हँडव्हील हाताने फिरवून जुळवा. डब्यात सूत आणि कापसाची धूळ साचते, ती आठवड्याला बंद मशीनवर ब्रशने काढा. डबा खोलायचा झाला तर कॅपॅसिटरचा नियम येथेही तोच.

पावसाळा, पूर आणि भिजलेला माल

उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी धंदा करणाऱ्याने पाणी विसरून चालत नाही. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून पडली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. आपल्या गाळ्यात पाणी कुठवर आले होते, त्याची रेघ भिंतीवर मारून ठेवा आणि पॅनेल त्या रेघेच्या वर घ्या.

पाण्यात गेलेला ड्राइव्ह "वाळला" म्हणून चालू करू नका. वरून कोरडा दिसला तरी कार्डाच्या थरांत आणि कनेक्टरमध्ये ओल व गाळ राहतो. तो उघडून जाणकाराकडून साफ करून घ्यावा आणि तपासल्याशिवाय करंट देऊ नये.

पुरानंतर असा माल पुसून, नवे स्टिकर लावून बाजारात येतो. येथे मदिनेच्या बाजारातील प्रसंग आठवावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. 'सहीह मुस्लिम'मध्ये ही हदीस आहे. भिजलेला ड्राइव्ह विकणे हराम नाही, भिजलेला आहे हे लपवून विकणे हराम आहे. ओल वर दिसू द्या, किंमत तशी लावा आणि बिलावर तसे लिहा.

हिशेब आणि अमानत

ग्राहकाला ड्राइव्हच्या आतले काही कळत नाही. तो मिस्त्रीच्या शब्दावर पैसे मोजतो, म्हणून मिस्त्रीचा शब्द हीच त्याची अमानत आहे. कनेक्टर साफ करून मशीन चालू झाली असेल तर ड्राइव्ह बदलल्याचे पैसे घेऊ नका. जुना ड्राइव्ह मालकाला परत द्या, तो तुमचा नाही. नवा, जुना की दुरुस्त केलेला, हे बिलावर स्पष्ट लिहा. माल आणि मजुरी वेगळी दाखवा. दुकानदाराकडून कमिशन घेऊन तेच ग्राहकाच्या बिलात लपवणे हा धंदा नव्हे. तुमची मजुरी मोठी असेल तर मोठी सांगा. दोन तासांच्या निदानाने मालकाचे दोन ड्राइव्ह वाचतात, त्याचे दाम मागण्यात लाज कसली?

मालकांनीही आपली बाजू सांभाळावी. "लवकर चालू कर, बाकी नंतर" असे म्हणून मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहू नये. त्याला मेगर करू द्या, कुलूप लावू द्या. निदानाचे पैसे द्यायला कुरकुर केली की मिस्त्री ते पैसे मालात वसूल करायला शिकतो, आणि मग आपणच त्याला बेइमान म्हणतो.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. तीच सवय मशीनला लावा. प्रत्येक मशीनमागे एक शंभर पानी वही ठेवा. तीत मॉडेल नंबर, पॅरामीटर, अलार्मची तारीख, मेगरचे रीडिंग, बॅटरी बदलल्याचा दिवस आणि काम करणाऱ्याचे नाव लिहा. ती वही पॅनेलच्या आत नको, बाहेर पिशवीत टांगा, म्हणजे पॅनेल जळाले तरी वही वाचेल.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन भावांनी नंतर अशी वही ठेवली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओव्हरकरंट आला तेव्हा थोरल्याने फोनवर ड्राइव्हचा भाव विचारला नाही. "मेगर अर्धा मेगओहम दाखवतोय, कनेक्टर खोलू का?" असे विचारले. त्या दिवशी दुपारी मशीन चालू झाली. खर्च एका कनेक्टरचा आणि एका रबर सीलचा आला.